इनफ्लेमेबलमधला 'इन' आणि आपल्या धोक्याच्या पाट्या

सरळ मुद्द्यालाच येतो. 'इनफ्लेमेबल', म्हणजे चटकन पेट घेणारं, हा शब्द आपल्या धोक्याच्या पाट्यांवरून काढून टाकायला पाहिजे, आणि त्याच्या जागी 'ज्वालाग्राही' लिहून आपण मराठीवर लई उपकार केले असं समजणं पण बंद करायला पाहिजे. दोन्ही शब्द चुकीचे नाहीत. व्याकरणानं बरोबर, व्युत्पत्तीनं बरोबर, कायद्यालाही चालतात. पण धोक्याची पाटी नुसती बरोबर असून भागत नाही, ज्यानं ती वाचायची आहे त्याला ती घाईत, अंधारात, डोक्यावर पोतं घेऊन चाललेला असताना कळायला लागते, आणि सगळा घोळ तिथंच आहे.

कोल्हापुरात तावडे हॉटेलच्या चौकात नाहीतर गोकुळ शिरगावच्या पुढं हायवेला थोडा वेळ उभं राहून बघा. पेट्रोलचे टँकर, गॅसचे टँकर, आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल घालायला लागल्यापासून साखर कारखान्यांकडून निघालेले इथेनॉलचे टँकर. पाठीवर मोठ्या अक्षरात 'हायली इनफ्लेमेबल'. आता आपल्या पोराला शाळेत इंग्रजी कसं शिकवलंय ते आठवा. करेक्टच्या पुढं इन लावला की इनकरेक्ट, कम्प्लीटचं इनकम्प्लीट, व्हिजिबलचं इनव्हिजिबल, ॲक्टिव्हचं इनॲक्टिव्ह, विरुद्धार्थी शब्द लिहा, प्रत्येकी एक मार्क. म्हणजे 'इन' दिसला की 'नाही' समजायचं हे आपणच त्याच्या डोक्यात हातोड्यानं ठोकलंय. फ्लेम म्हणजे ज्वाला हे त्याला माहीत असतंय. मग ज्या हुशारीचं आपण कौतुक करतो तीच हुशारी वापरून तो इनफ्लेमेबलचा अर्थ काढणार, 'पेट न घेणारं'. आणि पुढं हायली पण लिहिलंय, म्हणजे अजिबातच न पेटणारं!

यातली गंमत म्हणा नाहीतर धोका म्हणा, हा सापळा अडाण्यासाठी नाहीच. ज्याला इंग्रजी अजिबात येत नाही तो अक्षरांकडं बघतच नाही, तो लाल रंग बघतो, ज्वालेचं चित्र बघतो आणि विडी विझवतो. ज्याला इंग्रजी चांगलं येतं त्याला शब्द आधीपासून पाठ असतो. सापडतो तो मधला. आयटीआय झालेला, बारावी झालेला, इंग्रजी वाचता येतं पण इंग्रजीत वावरलेला नाही असा. आणि आपल्या शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या, कागलच्या कारखान्यांत स्टोअर सांभाळायला, डबे-पिंपं मोजून घ्यायला, चलनावर सही करायला नेमका हाच पोरगा बसलेला असतो.

आता शब्दाची बाजू पण ऐकून घेऊ, कारण त्या बिचाऱ्याचा काही गुन्हा नाही. लॅटिन भाषेत 'इन' दोन आहेत, दिसायला जुळे पण घराणी वेगळी. एक नकाराचा. हा आपल्या संस्कृतातल्या अ आणि अन् चा सख्खा भाऊ, ग्रीकमध्येही तो अ-अन् असाच आहे आणि इंग्रजीत अनहॅपी, अनफेअर मधला अन म्हणजे तोच. दुसरा 'इन' म्हणजे आत, मध्ये, वर, आणि इंग्रजीतलं रोजचं साधं 'इन' त्याच्याच घरातलं. लॅटिनमध्ये 'फ्लामा' म्हणजे ज्वाला, आणि त्याला हा दुसरा 'इन' लागून झालं 'इनफ्लामारे', म्हणजे आग लावणे, पेटवणे. त्यावरून इनफ्लेमेबल, ज्याला पेटवता येतं ते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द इंग्रजीत वापरात आलेला आहे. म्हणजे यात नकार कधी नव्हताच. डॉक्टर सुजेला इन्फ्लमेशन म्हणतात ते याच शब्दाचं भावंड, जागा लाल होते, आग होते, म्हणून. 'फ्लेमेबल' हा शब्द तर पोरगेला, तो इंग्रजीत दिसतो १८१३ पासून, म्हणजे मोठ्या भावापेक्षा दोनशे वर्षांनी धाकटा. त्यामुळं आज कुणी म्हणत असेल की फ्लेमेबल मूळ शब्द आणि त्याला पुढं चुकून इन चिकटला, तर तसं नाही, उलटं आहे.

असले सापळे इंग्रजीत अजून आहेत. इनव्हॅल्युएबल म्हणजे किंमत नसलेलं नव्हे, किंमत करता येणार नाही इतकं मोलाचं (आपला 'अमूल्य' पण तसाच की). इनहॅबिटेबल म्हणजे इंग्रजीत राहण्याजोगं, आणि फ्रेंचमध्ये अक्षर न् अक्षर तोच शब्द लिहिला की अर्थ होतो राहण्याच्या लायकीचं नाही. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मध्ये एक खाडी, इकडं घर, तिकडं खंडर.

आणि आपण इंग्रजीला हसायचं कारण नाही. आपल्याकडं 'निर्' म्हणजे नाही हे सगळ्यांना माहीत, निर्दय, निर्धन, निर्जन. मग निर्बंध? करोनात रोज टीव्हीवर निर्बंध कडक, निर्बंध शिथिल चाललेलं, फोड करायला गेलं तर निर्बंध म्हणजे बंध नसलेलं, मोकळंच व्हायला पाहिजे होतं! आणि खरंच मोकळं म्हणायचं असेल तर आपण त्याला अजून एक अ लावून 'अनिर्बंध' म्हणतो. निर्माण, निर्णय, निर्देश, यांत कुठं नाही आहे? 'वि' चं पण तेच, विफल आणि विसंगत मध्ये वि म्हणजे बिघाड, आणि विख्यात, विशुद्ध मध्ये वि म्हणजे जास्तीचं. करुणाष्टकांत समर्थांनी मनाला अचपळ म्हटलंय ते चपळ नसलेलं म्हणून नव्हे, लई चपळ, आवरता न आवरणारं म्हणून. संस्कृतात अघोर म्हणजे भयंकर नसलेलं, आणि मराठीत अघोरी म्हटलं की अंगावर काटा येतो.

यावर भाषेची माणसं लगेच म्हणणार, बघा, मग मराठी माणूस निर्बंध समजतोच की बरोबर, तसंच इनफ्लेमेबल शिकवा लोकांना, शब्द कशाला बदलता, अडाणीपणापुढं भाषेनं का वाकायचं? हा युक्तिवाद ऐकायला भारी आहे पण टिकत नाही. निर्बंध हा शब्द आपण फोडून शिकलेलोच नाही. तो कानावरून अख्खा आत गेला, 'जमावबंदीचे निर्बंध' ऐकलं, पोलिसाची काठी बघितली, अर्थ कळला. मातृभाषेतला शब्द असा आख्खा गिळलेला असतो. परकी भाषा मात्र आपण पुस्तकातून शिकतो, मागं-पुढं काय जोडलंय ते बघून, तुकडे करून, आणि नवा शब्द दिसला की त्याचे तुकडेच करतो. त्यामुळं तीच फसवी रचना घरच्या भाषेत निरुपद्रवी आणि बाहेरच्या भाषेत धोक्याची. व्युत्पत्ती ही मला स्वतःला जीव की प्राण असलेली गोष्ट आहे, कुणी विषय काढला तर मी जेवण थंड होईपर्यंत बोलेन, पण पेट्रोलच्या पिंपाजवळ उभ्या असलेल्या माणसाला लॅटिनचा तास देणं ही काही सुरक्षा नव्हे.

आणि ज्यांची ही भाषा आहे त्यांनीच हा हट्ट कधीचा सोडला. अमेरिकेत आगीपासून बचावाचे नियम करणारी नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन म्हणून संस्था आहे, त्यांनी १९२० च्या दशकातच सांगायला सुरुवात केली की इनफ्लेमेबल नको, फ्लेमेबल वापरा, लोक उलटं समजतील. ब्रिटनच्या स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननं १९५९ मध्ये लिहून ठेवलं की घोटाळा नको म्हणून आमचं धोरण फ्लेमेबल आणि नॉन-फ्लेमेबल असंच राहील. म्हणजे खुद्द इंग्रजांनी आपल्या साडेतीनशे वर्षांच्या जुन्या, व्युत्पत्तीनं चोख शब्दाला पाटीवरून उतरवलं आणि तेवढ्यानं त्यांची भाषा काही बुडाली नाही, साहित्यात, बोलण्यात तो शब्द आहे तसा आहे. आपण मात्र त्यांचा टाकलेला कोट घालून फिरतोय. १९३४ चा आपला पेट्रोलियम कायदा, त्यात पेट्रोलियमच्या व्याख्येतच इनफ्लेमेबल आहे. तो साहेबाच्या काळातला म्हणून सोडून देऊ, पण १९५२ मध्ये, स्वतंत्र भारतात, आपण जो कायदा केला त्याचं नावच 'इनफ्लेमेबल सबस्टन्सेस ॲक्ट'. कायद्याच्या पुस्तकात राहू दे हो तो, वकील वाचतात, त्यांना फी मिळते. पण कायद्यातला शब्द उचलून जसाच्या तसा टँकरवर आणि गोडाऊनच्या दारावर रंगवायचा ही सवय आपली.

शब्दानं आग लागते का, असं कुणी विचारेल. आग ठिणगीनं लागते, फाटक्या पाइपनं लागते, पण ठिणगी तिथं आणणारा माणूस असतो आणि त्या माणसाच्या डोक्यात एक शब्द असतो. हे मी नाही, बेंजामिन ली व्होर्फ नावाच्या गृहस्थानं सांगितलंय, आणि हा गृहस्थ नुसता प्रोफेसर नव्हता. केमिकल इंजिनिअरिंग शिकलेला, हार्टफर्ड फायर इन्शुरन्स कंपनीत १९१९ पासून नोकरीला, कारखान्यांत जाऊन आग कशानं लागू शकते ते बघायचं हे काम, आणि उरलेल्या वेळात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांचा अभ्यास. आगींचे रिपोर्ट वाचता वाचता त्याच्या लक्षात आलं की भरलेल्या पेट्रोलच्या पिंपांजवळ माणसं जपून वागतात आणि 'रिकाम्या' पिंपांजवळ बिनधास्त सिगारेट ओढतात. का, तर रिकामं म्हणजे काही नाही. प्रत्यक्षात रिकामं पिंप जास्त वाईट, कारण त्यात पेट्रोल नसलं तरी वाफ गच्च असते. दुसरा त्याचा किस्सा एका कारखान्यातला, तिथं भट्ट्यांना बाहेरून चुनखडीच्या दगडापासून केलेलं आवरण होतं, आणि नावातच दगड म्हटल्यावर त्याला आगीपासून कोण जपणार? पण भट्टीतून निघणाऱ्या ॲसिडच्या वाफा त्या चुनखडीत मुरत गेल्या, तिचं रसायन बदललं, आणि आग लागली तेव्हा त्यातून ॲसिटोन सुटून दगड धडाधडा पेटला.

रिकाम्या पिंपाचं हे प्रकरण आपल्या उद्यमनगरात, हायवेकडेच्या गॅरेजांत आणि भंगारवाल्यांकडं आजही रोज घडू शकतंय. थिनरचं पिंप संपलं की ते 'रिकामं' होतं, मग त्याचं झाकण कापून पाण्याला करायचं म्हणून गॅस कटर नाहीतर ग्राइंडर लावला जातो. डिझेलची टाकी गळते म्हणून ती 'रिकामी' करून वेल्डिंगला आणली जाते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की पेट घेते, त्याहून जास्त असेल तर हवा पुरत नाही आणि पेटत नाही. म्हणजे काठोकाठ भरलेल्या पिंपात स्फोटाला जागाच कमी, आणि तळाला दोन घोट राहिलेल्या पिंपात वाफ आणि हवा यांचं अगदी माप जुळून येतं. वर पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती उडून जात नाही, जमिनीवर पसरत जाते, गटारातून, दाराच्या फटीखालून, आणि ठिणगी पंधरा फुटांवर असली तरी तिच्यापर्यंत पोचते. पेट्रोल उणे चाळीस अंशांच्या आसपासच वाफ सोडून पेट घेण्याच्या तयारीत असतं, तेव्हा कोल्हापूरच्या थंडीत ते निवांत असेल हा भ्रम नको. हे सगळं 'इनफ्लेमेबल' या एका शब्दात कुठं आलं? आणि 'ज्वालाग्राही' मध्ये तरी कुठं आलं?

मराठीवाल्यांशी माझं भांडण इथं आहे. ज्वालाग्राही म्हणजे ज्वाला ग्रहण करणारा. ग्रहण करणे हे क्रियापद आपण प्रसाद, पदभार आणि अध्यक्षस्थान यांच्यासाठी वापरतो, पेट्रोल काय खुर्चीवर बसून ज्वाला ग्रहण करतं? ज्वलनशील त्यातल्या त्यात बरा, निदान जळणं दिसतं त्यात, पण तोही सहनशील, विनयशील, सुशील यांच्या पंगतीत बसलेला, लग्नाच्या बायोडाटात मुलीचे गुण सांगितल्यासारखा. कोल्हापुरातला कुठला माणूस जन्मात कधी 'अरे ते ज्वलनशील आहे' म्हणून ओरडलाय? तो ओरडतो, 'ए, पेटंल की ते!' आपल्याकडं शब्द आहे, सगळ्यांना आहे, फक्त तो पाटीवर लिहायला लाज वाटते. पाटी म्हटली की आपण सरकारी होतो. 'सदर ठिकाणी धूम्रपान करण्यास सक्त मनाई असून उल्लंघन करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल', हे वाचून होईपर्यंत विडी संपते.

फाउंड्रीत जाऊन बघा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. चौदाशे अंशांच्या आसपास वितळलेल्या लोखंडात पाण्याचा थेंब खाली अडकला तर त्याची एका क्षणात वाफ होते, पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते, आणि ती जागा मिळवण्यासाठी रस उडवते. हे फाउंड्रीतल्या जुन्या माणसाला कुणी पाटीवरून शिकवलेलं नसतं. त्याला भट्टीवरच्या मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं, 'वल्लं स्क्रॅप भट्टीत टाकायचं न्हाई, उडतंय.' बास. काय करायचं नाही आणि केलं तर काय होतंय, दोन्ही त्यात आलं. आणि त्याच भट्टीच्या वर, भिंतीवर, कंपनीनं चार रंगांत छापून घेतलेला इंग्रजी चार्ट धुरानं काळा झालेला असतो, त्यात ओलाव्याच्या धोक्याबद्दल एवढं लिहिलंय की कुणी वाचत नाही. मिस्त्रीचं वाक्य भिंतीवर आणि चार्ट ऑफिसच्या फाइलीत, अशी अदलाबदल केली तरी निम्मं काम होईल. मोल्डला, म्हणजे ओतकामाच्या साच्याला, लावायचा स्पिरिटचा कोट असतो, तो लावून मुद्दाम पेटवून वाळवतात, म्हणजे तिथं तर पेटवणं हाच कामाचा भाग, आणि त्याच कोटची बादली पाच फुटांवर उघडी. तिथल्या पाटीवर नुसतं 'इनफ्लेमेबल' लिहून काय सांगितलंत तुम्ही त्याला? तो स्वतःच तर काडी लावतोय. त्याला सांगायचं आहे की आधी बादलीला झाकण, मग काडी.

आता कायदा काय म्हणत आलाय? २०२५ च्या नोव्हेंबरात नवी कामगार संहिता लागू होईपर्यंत जो चालला त्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं कलम १०८ स्पष्ट होतं, कायद्यानं लावायच्या नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत असल्या पाहिजेत. 'समजेल' हा शब्द होता तिथं, 'राजभाषा' नव्हे. यातून एक अडचणीची गोष्ट निघते जी मराठीचा झेंडा घेतलेल्यांना आवडायची नाही. आज आपल्या एमआयडीसीत मोल्डिंगला (साचे करायला), फेटलिंगला (ओतलेले नग घासून साफ करायला) यूपी-बिहारची, ओडिशाची पोरं किती आहेत ते जाऊन बघा. त्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या त्या विभागात, बहुसंख्य जर ओडिया बोलणारे असतील तर पाटी ओडियात पाहिजे, आणि त्यानं मराठीचा काही अपमान होत नाही. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्याबद्दल १९८४ च्या त्या रात्रीनंतर जे छापून आलं त्यात हेही होतं की तिथल्या सूचना इंग्रजीत आणि कामगारांत फक्त हिंदी येणारे बरेच. चाळीस वर्षं झाली त्याला.

मराठी पाट्यांसाठी आपण भांडत नाही असं नाही. चांगलंच भांडतो. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, लहानमोठ्या सगळ्या दुकानांवर मराठी नाव, देवनागरीत, दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. २०२३ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर २०२४ च्या ऑक्टोबरात मराठी अभिजात झाली, पेढे वाटले. मला त्यात आनंदच आहे. पण विचार करा, बुटाच्या दुकानाचं नाव मराठीत नसेल तर काय होतं? फारतर बूट विकले जात नाहीत. आणि त्याच दुकानाच्या मागं थिनर-पॉलिशचं गोडाऊन असेल आणि त्यावरची पाटी कुणाला कळत नसेल तर? पहिल्या पाटीसाठी मोर्चा निघतो, काळं फासलं जातं, दुसरीकडं कोण वर मान करून बघत नाही. आगीचं गांभीर्य कोल्हापूरला सांगायला नको, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री शाहू महाराजांनी बांधलेलं केशवराव भोसले नाट्यगृह डोळ्यांदेखत जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या आगीचा आणि पाटीचा संबंध मी जोडत नाहीये. एवढंच म्हणतोय की त्यानंतरचे काही दिवस गावात जो तो आगीबद्दल बोलत होता, आणि तेव्हाही आपल्या गल्लीतल्या गोडाऊनच्या दारावर काय लिहिलंय हे कुणी जाऊन वाचलं नाही.

'चित्र लावा, भाषेची भानगडच नको' असं म्हणणारे इंजिनिअर लोक भेटतात. चित्र पाहिजेच, पण चित्रालाही त्याचे 'इन' असतात. कीटकनाशकाच्या डब्यावर शंकरपाळ्यासारखी खूण असते, तिच्या खालच्या त्रिकोणात रंग, लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, पण विषारीच. आता आपल्याकडं हिरवा म्हणजे काय? सिग्नल सुटला. पुड्यावर हिरवा ठिपका असला की शाकाहारी. मग हिरवा त्रिकोण बघून शेतकऱ्यानं तोंडाला फडकं न बांधता फवारणी केली तर त्याला अडाणी म्हणायचं? त्यानं खूण वाचली, त्याला शिकवलेल्या पद्धतीनंच वाचली. यवतमाळमध्ये २०१७ ला फवारणीच्या विषबाधेत वीसच्या वर माणसं गेली, त्याची कारणं पुष्कळ होती, पण डबा शेतकऱ्याशी नीट बोलत नाही हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. तसंच रसायनांच्या जागतिक खुणांत एक नुसती ज्वाला असते आणि एक गोलावरची ज्वाला. पहिलीचा अर्थ हे स्वतः पेटतं, दुसरीचा अर्थ हे दुसऱ्याला पेटायला मदत करतं. लांबून दोन्ही एकच दिसतात. कार्बाइडच्या डब्यावर ज्वाला बघून भला माणूस पाण्याची बादली घेऊन धावणार, आणि कार्बाइडवर पाणी पडलं की त्यातूनच ॲसिटिलीन गॅस निघतो. चित्रानं 'आग' सांगितलं, 'पाणी मारू नको' कोण सांगणार? ते शब्दालाच सांगावं लागतं.

टँकरचं थोडं वेगळं आहे. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर एक तक्ता लावायला सांगितलाय, मालाचं नाव, आंतरराष्ट्रीय नंबर, ज्वालेचं चौकोनी लेबल, फोन नंबर. तो तक्ता फायर ब्रिगेडसाठी आहे आणि तो उत्तम आहे, १२०३ दिसलं की पेट्रोल, ११७० दिसलं की इथेनॉल. आणि हा फरक जीवन-मरणाचा आहे, कारण पेट्रोलच्या आगीवर मारायचा साधा फोम इथेनॉलवर टिकत नाही, अल्कोहोल तो खाऊन टाकतं, त्याला वेगळा फोम लागतो. त्याच नियमांप्रमाणं अशी गाडी चालवणाऱ्याला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला पाहिजे. ठीक, ड्रायव्हरची सोय झाली. पण टँकर उलटला की त्याच्याभोवती गोळा कोण होतं? गाव. बादल्या, कॅन घेऊन, मोबाइल घेऊन, काहीजण तोंडात सिगारेट धरून. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि पाणी थोडं उतरल्यावर सगळ्यात आधी वाट दिली ती पाणी, पेट्रोल आणि गॅसच्या टँकरना. अख्खं गाव रस्त्यावर असताना. त्या गावासाठी गाडीच्या पाठीवर एक ओळ नाही. 'हायली इनफ्लेमेबल' ही ओळ नेमकी कुणासाठी आहे ते मला कुणीतरी सांगावं, ड्रायव्हरला टँकरमध्ये काय आहे ते माहीत आहे, फायर ब्रिगेडला नंबर पुरतो.

मग लिहायचं काय? टँकरवर: 'आत पेट्रोल. सांडलं तर लांब पळा. काडी, सिगारेट, मोबाइल नको.' पिंपांच्या गोडाऊनवर: 'पेट घेतं. रिकामं पिंप पण पेटतं. कटर, वेल्डिंग नको.' कार्बाइडवर: 'पाणी लागू देऊ नका. आग लागली तरी पाणी मारू नका.' केंद्राचे नियम बदलायची वाट बघायला नको, नियमातलं सगळं आहे तिथं ठेवून खाली एक ओळ रंगवायला कुठला कायदा आडवा येत नाही. आणि नवीन इंग्रजी पाटी करायचीच असेल तर फ्लेमेबल लिहा, दोन अक्षरांचा रंग वाचेल. अडचण पैशाची नाहीच, दिसण्याची आहे. ऑडिटला आलेल्या साहेबाला 'पेटतं' हा शब्द गावठी वाटेल म्हणून मॅनेजर 'ज्वालाग्राही' लिहून घेतो, आणि परदेशी गिऱ्हाईक येणार असेल तर तेही पुसून इंग्रजी. पाटी कामगारासाठी नसतेच मग, ती पाहुण्यासाठी असते.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, त्या आठवड्यात एमआयडीसीत सगळीकडं शपथ होते, घोषवाक्य स्पर्धा होते, यमक जुळवलेल्या ओळींना स्टीलचा डबा बक्षीस मिळतो. येत्या मार्चमध्ये त्या स्पर्धेऐवजी एवढंच करून बघा. कारखान्यातली प्रत्येक धोक्याची पाटी नव्यानं लागलेल्या कंत्राटी पोराला वाचायला द्या आणि विचारा, हे वाचून तू काय करशील, काय करणार नाहीस. ओडियातून बोलत असेल तर त्याच्याच एखाद्या जोडीदाराला घेऊन विचारा. सेफ्टी ऑफिसरनं मागून उत्तर सुचवायचं नाही. ज्या पाटीला त्याचं उत्तर चुकलं ती त्याच दिवशी उतरवायची, आणि नवीन पाटीवर काय लिहायचं ते त्या शॉपच्या मिस्त्रीला विचारायचं, तो सांगेल तसं, त्याच्याच शब्दांत, शुद्धलेखन तेवढं बघून घ्यायचं.